बोंड कुजते झाडाखाली, लाज शेतकऱ्याच्या कपाळी

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. शेवटी दिलेला ठराव तालुका कार्यकर्त्यांनी गावबैठकीत वाचून दाखवावा आणि त्यावर चर्चा घडवावी.)



बोंड म्हटले की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे पऱ्हाटी उभी राहते. फुटलेले बोंड, अवकाळीत भिजलेले बोंड आणि अळीने आतून पोखरलेले बोंड. आज आम्ही वेगळ्याच बोंडाबद्दल बोलणार आहोत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणच्या किनाऱ्याला, बोंड म्हणजे काजूचे फळ. काजूची बी खाली लोंबते, तिच्या वर जे पिवळे-लाल रसाळ फळ असते ते बोंड.

कापूस-ज्वारीवाल्यांच्या सभेत काजू कशाला काढला, असे पुढच्या रांगेतले काका आत्ताच पुटपुटले, ते आम्ही ऐकले. (हशा) काका, कारण सांगतो. कोकणातल्या काजू बागायतदारांनी आपल्याकडे पाठिंबा मागितला आहे. बोंडाच्या रसापासून गावातच मद्य गाळण्याचा छोटा परवाना शेतकऱ्याला मिळावा, ही त्यांची एक मागणी आहे. हा विषय बैठकीत निघाला आणि दोन तास भांडण झाले. निम्मे म्हणाले, शेतकऱ्याच्या मालाचे पैसे होत असतील तर पाठिंबा द्या. निम्मे म्हणाले, ज्या संघटनेच्या बायांनी गावातली दारूची दुकाने बंद पाडली, ती संघटना आता भट्टी मागणार का? शेवटी ठरले की आधी जाऊन डोळ्यांनी बघू. आम्ही नऊ जण यंदाच्या हंगामात तिकडे जाऊन आलो. नवात चार बाया होत्या. आम्ही काय पाहिले आणि त्यावरून कशा मताला आलो, ते आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे. निकाल तुम्ही द्यायचा.

झाडाखालचा सडा

कसालहून मालवणकडे निघालो की दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचा कातळ लागतो. आपल्या बरड जमिनीला आपण नावे ठेवतो, पण तिथे तर माती शोधावी लागते. अशा जागी काजू उभा आहे. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा कोकणातल्या वरकस जमिनींवर आंब्या-काजूच्या बागा मोठ्या प्रमाणावर लागल्या. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही वाणे तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडी आपल्याकडच्या कापसाच्या वाणांसारखी असतात.

हंगाम मार्च ते मे. पिकलेले फळ झाडावरून खाली पडते. घरातल्या बाया सकाळी टोपल्या घेऊन जातात, फळ उचलतात, पीळ देऊन बी वेगळी करतात. बी टोपलीत आणि बोंड तिथेच जमिनीवर. आम्ही गेलो तेव्हा झाडाखाली बोंडांचा सडा होता. वर माश्या घोंघावत होत्या आणि आंबूस वास सुटला होता. काही बोंडे गुरांपुढे टाकतात, पण जास्त टाकता येत नाहीत. आंबलेले बोंड फार खाल्ले तर गाय झिंगते. बाकीचे मातीत कुजते.

आम्ही बागायतदाराला विचारले, याचे काही होत नाही का? तो म्हणाला, "बोंडाक कोण विचारता?"

आता हिशोब मांडू. बोंडाचे वजन बीच्या ढोबळमानाने सहा ते आठ पट असते. म्हणजे एखाद्याची वर्षाला हजार किलो बी निघाली, तर त्याच झाडांनी सहा ते आठ हजार किलो बोंडेही दिलेली असतात. आपल्या भाषेत सात-आठ बंड्या माल. तो शेतकरी हजार किलोच्या भावासाठी सरकारच्या दारात उभा राहतो आणि आठ हजार किलो झाडाखाली सोडून देतो. झाडाने मातीतून जे ओढले, त्यातले विकले जाते ते फार थोडे.

बीचे काहीच वाया जात नाही

कोकणातला माणूस आळशी आहे, म्हणून बोंड फुकट जाते, असे घाटावर बसून म्हणणे सोपे आहे. आम्ही वेंगुर्ले, कुडाळ भागातले काजूचे कारखाने पाहिले. तिथे बीचा कण वाया जात नाही. बीच्या वजनात गर निघतो पाव भागापासून तीस टक्क्यांपर्यंत. टरफल मात्र दोन तृतीयांशाच्या आसपास. त्या टरफलातून तेल निघते. ते रंग, वार्निश आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात जाते. तेल काढून उरलेले टरफल भट्टीत जळणाला. गरावरच्या तांबूस सालीत टॅनिन असते, ते चामडे कमवायला चालते. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल, असे चक्र पूर्ण फिरते. या टरफलाच्या तेलाने कातडी जळते. बी फोडणाऱ्या बाया हाताला तेल, राख लावून बसतात. त्या हातांची किंमत गराच्या भावात किती येते, हा प्रश्न वेगळाच आहे, त्याच्यावर पुन्हा केव्हातरी बोलू.

सांगायचे ते एवढेच, की जिथे माल विकायला लाज नाही, तिथे चक्र आपोआप फिरते. त्यासाठी कोणाला प्रबोधन करावे लागत नाही. सगळ्यात मोठा भाग, म्हणजे बोंड, तिथेच ते अडते. का अडते?

बोंडात काय आहे आणि अडचण काय आहे

शेतकी कॉलेजात आम्हांला काजू म्हणजे बी एवढेच शिकवले. बोंडाबद्दल एक ओळ होती, तुरट आणि नाशवंत. ते खोटे नाही. बोंडात टॅनिन आहे, त्यामुळे घसा धरतो. रस कपड्याला लागला तर डाग जात नाही. आणि पडल्यापासून एका दिवसात ते आंबायला लागते. पण त्याच बोंडात जीवनसत्त्व क संत्र्याच्या चार-पाच पट असते. वजनाच्या निम्म्याहून जास्त रस निघतो. तुरटपणा काढायला फार मोठे शास्त्र लागत नाही. साबुदाण्याची पातळ पेज रसात घालून ठेवली की टॅनिन खाली बसते आणि वरचा रस निवळतो. सरबत होते, शिरका होतो. उरलेला चोथा वाळवून गुरांच्या खाद्यात घालता येतो, गांडूळखत करता येते. ब्राझील हे काजूचे मूळ घर. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो तिकडून आपल्या किनाऱ्यावर आणला. त्या ब्राझीलमध्ये बोंडाचा रस गाळून, निवळून बाटलीत भरतात. काजुईना त्याचे नाव. त्यात मद्य नाही. २०१४ मध्ये त्या देशाने काजुईना बनवण्याच्या रीतीला राष्ट्रीय वारशाचा मान दिला.

मग सरबतच का करू नये? आमच्यातल्या सगळ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. करतात. बचत गटाच्या बाया करतात आणि चांगले करतात. पण आठ-दहा आठवड्यांत सगळी बोंडे पडतात. ती त्याच दिवशी उचलायची, त्याच दिवशी पिळायची, रस टिकवायचा, बाटल्या भरायच्या. त्यासाठी यंत्र, वीज, थंड साठवण आणि गिऱ्हाईक हवे. वर्षभर रोज बाजारात दिसणाऱ्या कंपनीच्या बाटल्यांपुढे गटाच्या पाचशे बाटल्या काय करणार? थोडा माल सरबतात जाईल, थोडा शिरक्यात, थोडा चोथ्यात. आंबण्याच्या ज्या गुणामुळे बोंड नासते, त्याच गुणाचा उपयोग करून ढीगभर माल स्वस्तात टिकवायची एकच जुनी रीत आहे, ती म्हणजे गाळणे. गाळलेला माल दहा वर्षे ठेवला तरी नासत नाही. निसर्गाने सोपी ठेवलेली वाट हीच आहे आणि नेमका तिच्याच तोंडावर पोलीस उभा आहे.

नाका ओलांडला की

मालवणहून आम्ही सावंतवाडी, बांदा असे दक्षिणेला गेलो. बांद्याच्या अलीकडे इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. गोव्याची दारू इकडे येऊ नये म्हणून तो आहे. नाक्याच्या पलीकडे थोड्या अंतरावर गोवा. झाड तेच, कातळ तोच, पाऊस तोच आणि बोलीही जवळजवळ तीच. पण तिकडे झाडाखाली बोंड दिसत नाही.

तिकडे बोंडे गोळा होतात, तुडवून किंवा यंत्रात पिळून रस काढतात. आपसूक गळून येतो तो निरो, तो ताजा पितात. बाकीचा रस दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. हंगामापुरत्या काजूच्या क्षेत्रांचा लिलाव सरकार करते. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०१६ मध्ये गोवा सरकारने कायदा बदलून फेणीला राज्याचे वारसा पेय ठरवले. तोवर तीही 'देशी दारू' याच खात्यात होती आणि त्या शिक्क्यामुळे गोव्याबाहेर विकायला अडत होती. म्हणजे लाजेचा शिक्का तिथेही होता. त्यांनी तो कायद्याने पुसायला घेतला.

गोवा स्वर्ग आहे असे आम्ही म्हणत नाही. लिलाव घेणारा आणि झाड राखणारा हे दोघे नेहमी एक नसतात, आणि पैसा कुठे थांबतो हे तिथेही तपासावे लागते. पण दोडामार्ग, सावंतवाडीच्या सीमेलगतच्या गावांतली काही बोंडे गोव्यातले भट्टीवाले उचलून नेतात, हे आम्ही पाहिले. माल आपला, कातळ आपला, वेचणाऱ्या बाया आपल्या, आणि त्याची किंमत होते नाका ओलांडल्यावर. ही कहाणी कापूस पिकवणाऱ्याला नव्याने सांगायला नको.

लाज कोणाला, परवाना कोणाला

लाज ही मनातली गोष्ट वाटते. पण तिचा इतिहास पाहिला तर ती कायद्याने तयार केलेली दिसते. मालवणच्या किनाऱ्यावर माडाची माडी काढणे हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. झाडावरचा कर वाढला, गावोगावच्या भट्ट्या गेल्या आणि गाळप ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेले. इंग्रजाला दारू बंद करायची नव्हती, त्याला ती मोजायची होती. मोजायला सोपे जावे म्हणून ती थोड्या मोठ्या लोकांच्या हाती दिली. स्वराज्य आल्यावर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यामागचा हेतू चांगला होता. पण साठच्या दशकात बंदी सैल झाली, तेव्हा परवाना मिळाला कारखान्याला. गावातला गाळणारा गुन्हेगार होता, तो गुन्हेगारच राहिला.

पुढे बघा. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली. त्याला कोणी दारू म्हटले नाही. ती शेतीपूरक प्रक्रिया झाली. द्राक्षवाल्यांचे चांगले झाले याचा आम्हांला आनंदच आहे, ते आपलेच भाऊ आहेत. पण द्राक्ष आंबले की प्रतिष्ठा आणि बोंड आंबले की पंचनामा, हे कोणते शास्त्र? आमच्या कृषिशास्त्रात तरी दोन्हींत एकच यीस्ट असते. तोच मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळला की देशसेवा होते. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळण्याचा टप्पा गाठला, त्याचे सत्कार झाले.

एप्रिल २०२२ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की काजू बोंडे, मोहफुले आणि फळे यांपासून केलेल्या मद्याला 'देशी' ऐवजी 'विदेशी' मद्याचा दर्जा द्यायचा. विचार करा. झाड आपले, फळ आपले, गाळणारे हात आपले. पण मान हवा असेल तर त्याला विदेशी म्हणावे लागते! (हशा) हसू नका, यात आपलेच अपमानपत्र आहे. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये १३२५ कोटी रुपयांची काजू विकास योजना मंजूर झाली. आम्ही पाहिलेल्या बागांत मात्र बोंडे अजून झाडाखालीच आहेत.

कारण नुसता दर्जा बदलून भागत नाही. लाजेमुळे शेतकऱ्याची वाट किती ठिकाणी अडते, ते आम्ही तिथे बसून मोजले. पहिले, पैसा. काजूगराच्या कारखान्याला कर्ज मिळते. बोंडाचा रस आंबवायचा आहे म्हटले की कागद बाजूला सरकतो. दुसरे, परवाना. परवान्याची सगळी रचना बारमाही कारखाना डोळ्यांपुढे ठेवून केलेली. फी वर्षाची, कुंपण, कुलूप, नोंदवह्या वर्षाच्या, आणि बोंड मिळणार दहा आठवडे. लहान माणूस त्यात बसूच शकत नाही. तिसरे, घरची अब्रू. ज्या घरात मुलीचे लग्न जमवायचे आहे, ते घर दारात भट्टी लावणार नाही. मग हा माल जातो अंधारात. अंधारात गेलेल्या मालाला दर्जा नसतो, तपासणी नसते. नवसागर टाकतात, आणखी काय काय टाकतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे मेली. ती मेली मिथेनॉलने, बोंडाने नव्हे. पण अंधारातला धंदा कसा असतो, ते त्यातून दिसते.

आणि चौथे. लाजेचा धंदा असला की त्याचा कचराही कोणी नीट हाताळत नाही. उघड चालणाऱ्या कारखान्याला सांडपाण्याचा जाब विचारता येतो. ओढ्याकाठी लपून चालणाऱ्या भट्टीला कोण विचारणार? गाळून उरलेले आंबट पाणी सरळ ओढ्यात जाते. तेच पाणी गोबर गॅसच्या टाकीत गेले तर चूल पेटवील, खत होऊन झाडाखाली परत येईल. पण ज्याला रात्रीतून पळायचे आहे, तो टाकी बांधत नाही.

मायबहिणींचा प्रश्न

आतापर्यंतचे ऐकून काही भाऊ मान डोलावत आहेत. त्यांनी जरा थांबावे. मालवणात आमच्या मुक्कामाच्या रात्री आमच्यातल्या एका ताईने एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "भाऊ, बोंडाचा हिशोब तुम्ही किलोत मांडला. माझ्या घरातला हिशोब कोण मांडणार? कापसाची पट्टी आली की त्यातली किती बाटलीत गेली, ते मी मोजलेय." आम्ही गप्प बसलो. उत्तर नव्हते, आजही पुरते नाही.

आपल्याकडे वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये ती आली आणि २०२१ मध्ये उठली. या बंद्यांमागे बायांचे मोर्चे होते, हे विसरून चालणार नाही. बंदीने दारू पूर्ण थांबली नाही हे खरे, पण बायांचे दुःख खोटे होते असा त्याचा अर्थ होत नाही. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवी बाटली केली की दुकान बंद होते. तो हक्क भांडून मिळाला आहे. शेतकऱ्याच्या मालाला भाव हवा म्हणून तो हक्क कोणी आपल्याकडे गहाण मागत असेल, तर आपण द्यायचा नाही.

म्हणून आम्ही असे म्हणतो की लाजेचे दोन भाग करा. दारूने घर मोडते त्याची लाज खरी आहे, ती राहू द्या. पण झाडाखालचे फळ उचलण्याची, ते पिळण्याची, त्याच्या चोथ्याचे खत करण्याची लाज खोटी आहे. ती वरून लादलेली आहे. आज पहिली लाज पुढे करून दुसरी लादली जाते. आणि विकणारा मोठा असला की दोन्ही माफ.

आपल्या ज्वारीचे काय झाले

हे सगळे कोकणचे म्हणून ऐकू नका. हाच प्रयोग आपल्यावर होऊन गेला आहे. खरिपाची संकरित ज्वारी कणसात दाणा भरला असता पावसात सापडते, काळी पडते आणि बाजारात तिला कोणी विचारत नाही. २००७ साली सरकारने धोरण आणले की ज्वारी-बाजरीसारख्या धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याला लिटरमागे १० रुपये अनुदान. नाव कोणाचे? काळ्या ज्वारीच्या शेतकऱ्याचे. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग आणि इतर अनेकांनी कडाडून विरोध केला. परवान्यांची यादी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा तिच्यात राजकारणी घराण्यांशी जोडलेली नावे निघाली.

एक टन धान्यातून पावणेचारशे ते चारशे लिटर मद्यार्क निघतो. लिटरमागे १० रुपये म्हणजे टनामागे पावणेचार ते चार हजार रुपये नुसते अनुदानाचे. या मांडवात हजारो शेतकरी बसले आहेत. त्या अनुदानातला एक रुपया काळ्या ज्वारीच्या भावात आपल्या हाती आला, असे ज्याला वाटते त्याने हात वर करावा. (सभेत शांतता. एकही हात वर होत नाही.)

आता शिल्लक मालाचेही पाहा. धान्य गाळल्यावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा चोथा उरतो. तो वाळवून पशुखाद्य म्हणून विकतात, डीडीजीएस म्हणतात त्याला. प्रथिने भरपूर असतात. कारखान्याने चक्र पूर्ण केले, काही वाया घालवले नाही. मका-तांदळाचा हा स्वस्त चोथा बाजारात आला आणि २०२४ मध्ये सोयाबीनच्या पेंडीचा भाव पडला, असे सोयाबीन प्रक्रियावाल्यांची संघटनाच सांगत होती. म्हणजे चक्र फिरले खरे, पण ते आपल्या मानेवरून फिरले. ज्याच्या हाती शिल्लक माल, त्याच्या हाती चक्र. कापसाचे तेच नाही का? शंभर किलो कापसात रुई ३४-३५ किलो आणि सरकी ६० किलोच्या वर. भाव बोलतात रुईचा, आणि सरकी, तेल, पेंड ही सगळी जिनिंगच्या फाटकाच्या आत राहते. तीच पेंड आपण बैलासाठी विकत आणतो.

मोहाचेही असेच होते. ज्या आदिवासी बाया पहाटे मोहफुले वेचतात, त्यांना ती साठवायला, न्यायला-आणायला परवाना लागत असे. फूल वेचणारी संशयित आणि फूल विकत घेणारा व्यापारी. २०२१ मध्ये राज्याने ती बंधने उठवली. फुलाची लाज कायद्यातून गेली, तशी बोंडाची का जाऊ नये?

ठराव

आम्ही गेलो तेव्हा आमच्यात एकमत नव्हते. परत येताना पुढच्या गोष्टींवर झाले. त्या ठरावाच्या रूपाने मांडतो.

१) काजूचे बोंड आणि त्याचा ताजा रस हे शेतमाल आहेत. ते वेचणे, साठवणे, वाहून नेणे, पिळणे यांवर मद्याच्या नावाखाली कोणतीही अडवणूक नसावी.

२) सरबत, निवळलेला रस, शिरका, पशुखाद्य, खत आणि गॅस यांना काजूगराच्या कारखान्याइतकेच कर्ज आणि अनुदान मिळावे. पहिला पैसा इथे खर्च व्हावा.

३) यांत न बसणाऱ्या मालासाठी गाळण्याचा परवाना द्यायचा झाला, तर तो हंगामी असावा, त्याची फी लहान माणसाला झेपणारी असावी आणि तो बागायतदारांच्या सहकारी संस्थेला किंवा उत्पादक कंपनीलाच मिळावा. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या पय्यावूरच्या सहकारी बँकेला २०२२ मध्ये बोंडापासून मद्य गाळण्याची परवानगी मिळाली, तेव्हा ही गोष्ट अशक्य नाही. ठेकेदाराला किंवा मोठ्या मद्य कारखान्याला शेतकऱ्याच्या नावाने परवाना देण्यास आमचा विरोध राहील.

४) गावात गाळायचे की नाही, हे त्या गावच्या महिला ग्रामसभेने ठरवावे. त्यांनी नाही म्हटले तर नाही. गाळलेला माल त्या गावात किरकोळ विकायचा नाही.

५) परवानाधारक संस्थेने चोथा आणि आंबट पाणी बागेत परत नेण्याची सोय दाखवल्याशिवाय परवाना मिळू नये.

६) आपल्या भागात काळी ज्वारी, मका किंवा इतर धान्यावर चालणाऱ्या कारखान्याला कोणतीही सवलत द्यायची असेल, तर शेतकऱ्याला दिलेल्या भावाची पावती दाखवल्याशिवाय ती मिळू नये. चोथ्याच्या विक्रीत माल पुरवणाऱ्या शेतकऱ्याचा वाटा लिहून ठरावा.

चौथ्या कलमावर कोकणातल्या काही भावांची नाराजी आहे. बायांना विचारले तर परवाना कधीच मिळणार नाही, असे ते म्हणाले. आम्ही त्यांना सांगितले, मग आधी त्यांना पटवा. ज्या बाया पहाटे बोंडातून बी पिळून काढतात, त्यांच्यापेक्षा बोंडाची किंमत जास्त कोणाला कळते? रसाचा पैसा त्यांच्या हातात पडेल अशी संस्था उभी करून दाखवा, मग त्या काय म्हणतात ते ऐका. त्या नाही म्हणाल्या तर सरबत करा, शिरका करा, खत करा. तेही मातीत कुजण्यापेक्षा बरे.

आमच्यातल्या त्या ताईने चौथे कलम असेल तरच सही करीन म्हटले आणि नंतर सही केली. कोकणातला तो बागायतदार नाराजीनेच, पण मान्य म्हणाला. आम्ही निघताना त्याने पिशवीभर वाळवलेला चोथा बांधून दिला. आम्ही तो बैलापुढे टाकून पाहिला. पहिल्या दिवशी त्याने हुंगून तोंड फिरवले. चौथ्या दिवसापासून खातो आहे.

ठराव गावबैठकीत वाचा. विरोधात मत असेल त्यांनी उठून बोलावे, बायांनी आधी बोलावे. पुढच्या जिल्हा बैठकीत मोजणी करू आणि जो निकाल लागेल तो कोकणाला कळवू.

जय किसान.